तुटीने सांगितलेला आकार

अणूचे चित्र काढताना मध्यभागी एक वाटोळा ठिपका काढण्याची प्रथा आहे. तो ठिपका म्हणजे अणुकेंद्रक. कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून त्याचा आकार दिसत नाही. तरीही अनेक केंद्रके वाटोळी नसून न सोललेल्या नारळासारखी लांबट असतात, असे शास्त्रज्ञ निश्चयाने सांगतात. हा निश्चय कोठून आला, ते आज पाहू.

१९५० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जेम्स रेनवॉटर यांनी एक विचार मांडला. केंद्रकाच्या बाहेरील थरातील कणांची गती आतील भागास ताणून विरूप करू शकते, असा तो विचार होता. त्या वेळी त्यांच्याच खोलीत काम करणारे आगे बोर यांनी हा धागा पुढे नेला आणि कोपनहेगनला परतल्यावर बेन मॉटेलसन यांच्यासह तो प्रयोगांशी ताडून पाहिला. १९७५ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

त्यांच्या युक्तिवादाचे मर्म साधे आहे. पूर्ण वाटोळी वस्तू फिरते आहे की स्थिर आहे, हे दाखविणारी खूणच नसते. म्हणून क्वांटम शास्त्रानुसार वाटोळे केंद्रक समग्रपणे फिरू शकत नाही. लांबट केंद्रक फिरू शकते, पण हव्या त्या गतीने नव्हे. त्याला ठरावीक पायऱ्याच मिळतात. या पायऱ्यांच्या मालिकेस परिवलन-पट्ट म्हणतात. एकेक पायरी उतरताना केंद्रक गॅमा किरण सोडते. तळाकडून मोजल्यास या किरणांच्या ऊर्जा ३, ७, ११, १५ या प्रमाणात असाव्यात, असे गणित सांगते.

हाफ्नियम-१८० या केंद्रकाचा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. मोजलेल्या ऊर्जा अशा: ९३, २१५, ३३२ आणि ४४३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. तीन भागांस ९३, म्हणजे एका भागास ३१. त्या दराने पुढील रकमा २१७, ३४१ आणि ४६५ यावयास हव्यात. हिशेब इतका जवळ येतो की केंद्रक लांबट आहे याविषयी शंका उरत नाही. परंतु २, ९ आणि २२ अशी तूट राहतेच. एखाद्या वेळची तूट चूक म्हणून सोडता येते. क्रमाने वाढत जाणाऱ्या तुटीस मात्र कारण असते. येथे कारण असे की केंद्रकातील कण जोड्यांनी बांधलेले असतात आणि परिवलन वाढेल तसे ते बंध सैल होतात. त्यामुळे केंद्रकाचे निरूढी परिबल वाढते आणि पायरी अपेक्षेहून लहान पडते.

१९७१ मध्ये स्टॉकहोम येथे जॉन्सन, रीडे आणि सहकाऱ्यांना याचे टोक आढळले. वेगाने फिरणाऱ्या काही केंद्रकांत ठरावीक पायरीनंतर निरूढी परिबल एकाएकी वाढत होते. तेथे एक जोडी फुटून तिचे दोन्ही कण परिवलनाच्या अक्षाकडे वळलेले होते. १९८६ मध्ये इंग्लंडमधील डेअर्सबरी येथे डिस्प्रोशियम-१५२ मध्ये सुमारे ४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या समान अंतरांवर १९ गॅमा रेषांची माळ सापडली. त्यावरून रुंदीच्या दुप्पट लांबीचा आकार निघाला. हेच केंद्रक कमी ऊर्जेत जवळजवळ गोल असते! एकाच केंद्रकास असे एकाहून अधिक आकार धारण करता येतात.

आपल्या देशातही गॅमा किरण टिपणारा शोधकांचा एक राष्ट्रीय संच मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, दिल्ली आणि कोलकाता येथील प्रवेगकांवर आळीपाळीने मांडला जातो. तेथील अभ्यासकही अशाच रकमांच्या ओळी लावतात आणि कोठे किती कमी पडले, ते पाहतात.