एक खूण म्हणजे निकाल नव्हे
(थ्रेड)

१/ गेल्या वर्षी माझ्या काकांनी सवलतीतील ‘संपूर्ण तपासणी’ करून घेतली. अहवालात सीईए नावाच्या प्रथिनासमोर लाल अक्षरे होती. पुढचे दोन महिने घराने कर्करोगाच्या सावटाखाली काढले. अखेर रोग नव्हताच. विडी ओढणाऱ्यांच्या रक्तात हे प्रथिन वाढलेले असू शकते, हे आम्हांला फार उशिरा कळले.

२/ अशा निदर्शकांचा, म्हणजे ट्यूमर मार्करांचा, इतिहास १ नोव्हेंबर १८४५ पासून सांगितला जातो. त्या दिवशी लंडनमध्ये हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे एका रुग्णाच्या मूत्राचा नमुना आला. सोबत विचारणा होती : यातील पदार्थ कोणता?

३/ रुग्ण हाडांच्या वेदनांनी जर्जर झाला होता. आम्ल घातल्यावर मूत्रात धरलेला साका तापवताच विरघळे आणि निवताच पुन्हा दिसे. हा गुणधर्म विल्यम मॅकिंटायर यांनीही टिपला होता. प्रथिनाला नाव मात्र बेन्स जोन्स यांचे मिळाले. १८४६ च्या पहिल्याच दिवशी रुग्ण दगावला. त्या रोगास आज मल्टिपल मायलोमा म्हणतात.

४/ ते प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाची हलकी साखळी होय, हे एडलमन आणि गॅली यांनी १९६२ मध्ये दाखवले. खूण हाती आल्यापासून तिचा अर्थ उमगेपर्यंत शतकाहून अधिक काळ गेला.

५/ १९६५ मध्ये माँट्रियल येथे गोल्ड आणि फ्रीडमन यांनी आतड्याच्या कर्करोगात सीईए शोधले. आशा मोठी होती. पुढे ते धूम्रपानात आणि आतड्याच्या दाहातही वाढते, असे आढळले.

६/ २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक शोधनिबंध आला. वस्तुमान वर्णपटमापकाने रक्तातील प्रथिनांचा आकृतिबंध वाचून अंडाशयाच्या कर्करोगाचे ५० पैकी ५० नमुने ओळखल्याचा त्यात दावा होता. बॅगर्ली व सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासली. दिसणारे भेद रोगाचे नसून नमुने हाताळण्याच्या रीतीतून आलेले असू शकतात, असे त्यांनी दाखवले.

७/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटावे. कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, तो कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आला, हे न विचारता आपण त्याची साक्ष ग्राह्य धरत नाही. बखरीतील एका वाक्यावर कोणी निष्कर्ष बांधला, तर आपणच त्याला अस्सल पत्रांचा आधार मागतो.

८/ निदर्शक निरुपयोगी आहेत, असे मी म्हणत नाही. शस्त्रक्रियेनंतर रोग परतला का, हे पाहण्यास सीईएचा खरा उपयोग होतो. तेथे प्रश्न नेमका असतो. निरोगी माणसांची सरसकट चाळणी ही वेगळी गोष्ट. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-१२५ व सोनोग्राफीची चाचणी झाली. २०२१ मध्ये दीर्घकालीन निष्कर्ष आले : अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले नव्हते.

९/ म्हणून माझे मत असे : लक्षण नसताना, वैद्यकीय सल्ल्यावाचून, ट्यूमर मार्करांची जंत्री सवलतीत विकणे अनुचित आहे. घरात असा अहवाल आला, तर घाबरण्याआधी डॉक्टरांना विचारा : हे प्रथिन आणखी कशाने वाढते? आमच्या घरी हा प्रश्न पहिल्याच दिवशी कोणी विचारला असता, तर ते दोन महिने वाचले असते.

१०/ काकांची विडी मात्र सुटली. त्याचे श्रेय अहवालाला द्यायला माझी हरकत नाही.