रस्ता हवाच, पण पाण्याचा बळी देऊन नव्हे

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या वाड्यावस्त्यांना बारमाही रस्ता मिळाला पाहिजे, याविषयी आपल्या चळवळीत दुमत कधी नव्हते आणि आजही असण्याचे कारण नाही. आजाऱ्याला डोलीतून खाली आणावे लागते, बाळंतिणीला एस.टी.च्या थांब्यापर्यंत पायी न्यावे लागते, ओहोळाला पाणी आले की मुलांची शाळा बुडते, हे महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. वाटा बंद पडल्यामुळे मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याच पावसाने पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही बळी घेतले. या मुलखात रस्ता ही चैनीची वस्तू नाही. तो जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

नेमक्या याच कारणाने, रस्त्याच्या नावावर जे चालते त्याची झडती घेण्याचा पहिला अधिकार आपला आहे. कार्यालयांतून आणि कंत्राटदारांच्या तोंडून एक युक्तिवाद हल्ली सर्रास ऐकू येतो : ‘रस्ता हवा ना? मग थोडे पाणी गढूळ होणारच.’ जणू रस्ता आणि स्वच्छ पाणी ही दोन खिरापती आहेत आणि गरिबाने त्यांतील एकच उचलायची आहे! हा सौदा लबाडीचा आहे. पाण्याची काळजी घेऊन बांधलेला रस्ताच टिकतो, हे स्थापत्यशास्त्राचे प्राथमिक सत्य लपवून तो गावकऱ्यांच्या गळ्यात मारला जातो.

जमिनीचा स्वभाव

उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या या वीराची समाधी येथे आहे आणि दरवर्षी पुण्यतिथीला माणसांची रीघ लागते. परंतु समाधीच्या आसपासची जमीन कशी आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. डोंगराच्या कुशीतून पाझरणारे लहान लहान झरे, त्यांच्या ओलीवर तगलेले पाणथळ तुकडे, त्यांच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भाताची खाचरे आणि खाचरांच्या कडेला विहिरी, असा हा सारा पट्टा आहे. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस डोंगरावरून धावत सावित्रीला मिळतो आणि सावित्री त्याला बाणकोटच्या खाडीत नेऊन सोडते. या धावत्या पाण्याला जे थोडेफार थोपवते, ते हेच पाझर, हीच खाचरे, हेच चिखलाचे तुकडे. वाडीची खरी पाण्याची तिजोरी ती आहे.

अशा जमिनीवरून मातीचा भराव टाकून रस्ता काढला की काय होते? भराव आडवा पडतो आणि नकळत धरणाचे काम करू लागतो. वरच्या अंगाला पाणी तुंबते, भाताची रोपे कुजतात. खालच्या अंगाला ओल तुटते आणि विहीर फाल्गुनातच तळ दाखवू लागते. डोंगराच्या बाजूने उतार कापला तर झऱ्याची शीरच तुटते. जे पाणी जमिनीखालून विहिरीला मिळायचे ते गटारातून वाहून जाते. कापलेल्या डोंगराचा राडारोडा दरीच्या बाजूला लोटून दिला की पहिल्या पावसात ती लाल माती ओहोळात आणि पाणवठ्यावर येते. त्या मातीच्या कणांना रोगजंतू चिकटलेले असतात. पाणी गढूळ असले की ग्रामपंचायतीने टाकलेली टी.सी.एल. भुकटीही आपले काम नीट करू शकत नाही. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा एका एककापेक्षा अधिक नसावा आणि दुसरा मार्गच नसेल तर पाचापर्यंत चालवून घ्यावा, असे भारतीय मानक सांगते. ते मानक राजधानीत राहते; वाडीतील बाई पदराच्या चार घड्या करून पाणी गाळते.

कायद्याच्या नजरेतून निसटलेली ओल

‘पाणथळ जागांना कायद्याचे संरक्षण आहे’ असे सांगून अधिकारी मोकळे होतात. हे संरक्षण किती आहे ते पाहिले पाहिजे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून नदीचे पात्र वगळले आहे, भातशेती वगळली आहे आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलावही वगळले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ज्या दोन लाखांहून अधिक पाणथळ जागांना संरक्षण दिले, त्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या आहेत. म्हणजे उमरठच्या खोऱ्यातील खाचर, ओहोळ आणि झऱ्याखालचा पाच गुंठ्यांचा चिखल या सगळ्यांना कायद्याच्या पुस्तकात जागाच नाही. मोठ्या सरोवरावर उतरणाऱ्या परदेशी पाहुण्या पक्ष्यांची नोंद व्हावी, यास आमचा विरोध नाही. परंतु ज्या ओलीवर माणूस जगतो तिची नोंद कोण करणार?

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. पाणी बिघडते तेव्हा ते सगळ्यांचे सारखे बिघडत नाही. ज्याच्या घरी नळ आहे, ज्याला बोअरवेल खणता येते, तो चार दिवस कुरकुर करतो. कातकरी वाडीचा पाणवठा म्हणजे बहुधा ओहोळाकाठचा डवरा असतो. गाळ पहिला तेथे येतो आणि शेवटी तेथून हटतो. याच महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि सार्वजनिक पाण्यावरील माणसाचा हक्क जगापुढे मांडला. त्या हक्कावर न्यायालयाची मोहोर उमटायला १९३७ साल उजाडले. १९७० च्या दशकात डॉ. बाबा आढावांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम हाती घेतली, तेव्हाही कित्येक गावांचे पाणवठे जातीने वाटलेलेच होते. पाण्याला शिवण्याचा हक्क एवढ्या झगड्यातून मिळवला. आता ते पाणीच पिण्याजोगे राहिले नाही, तर त्या हक्काला उरतो काय अर्थ? चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी डवऱ्याच्या पाण्याविषयी मौन बाळगणे हा त्या सत्याग्रहाचा उपमर्द आहे.

कात्री कोठे चालते?

रस्त्याचे अंदाजपत्रक खर्चाच्या मर्यादेबाहेर गेले की पहिली कात्री मोऱ्यांवर, गटारांवर आणि संरक्षक भिंतींवर चालते. डांबर दिसते, मोरी दिसत नाही. उद्घाटनाची फीत डांबरावर कापता येते. मोरीत उभे राहून भाषण करण्याची हौस अद्याप कोणत्याही मंत्र्याला झालेली नाही! त्यातून कमीत कमी दराची निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराला नफा काढायचा असतो. तो राडारोडा वाहून नेण्याऐवजी दरीत लोटतो आणि चार मोऱ्यांच्या जागी एक नळ पुरतो. वाचलेला पैसा त्याच्या खिशात जातो. त्याची भरपाई डोक्यावर हंडा घेऊन दूरच्या झऱ्यावर जाणारी बाई आपल्या पायांनी करते. खासगी नफा आणि सामाजिक तोटा यांचे याहून ढळढळीत उदाहरण शोधण्यासाठी अर्थशास्त्राची पुस्तके चाळण्याची गरज नाही.

‘पैसा नाही’ हे उत्तर ठरलेले आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या पात्रात गडप झाल्या. त्यानंतर महामार्गावरचा नवा पूल वर्ष उलटण्याच्या आत, जून २०१७ मध्ये, वाहतुकीस खुला झाला. ही तत्परता योग्यच होती. परंतु ज्या सरकारला महामार्गावर नदीचा पूल काही महिन्यांत उभारता येतो, त्याला वाडीच्या ओहोळावर माणूस वाकून शिरू शकेल एवढी मोरी बांधता येत नाही, हे आम्ही कसे मान्य करावे? कमतरता पैशाची नाही. वाडीच्या किमतीची आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तेव्हापासून मैदानी भागासाठी तिचे माप पाचशे लोकसंख्येचे आणि ठरावीक डोंगरी व आदिवासी प्रदेशांसाठी अडीचशेचे. तीस-चाळीस घरांची वाडी कोणत्याच मापात बसत नाही. ती कोठल्या तरी किरकोळ निधीवर लटकते आणि किरकोळ निधीतून किरकोळ कामच होते.

आडवा भराव मोठ्या प्रमाणावर टाकला की काय घडते, याचा विचार महाडकरांनी २०२१ च्या महापुरानंतर केलाच आहे. दासगावजवळील कोकण रेल्वेच्या भरावावर आणि सावित्रीत साचलेल्या गाळावर त्यांनी बोट ठेवले. पुराला कारणे अनेक असतात आणि एकाच भरावावर सगळे खापर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि डोंगरातील प्रत्येक वाडीरस्त्याची सुटलेली माती अखेर सावित्रीतच येते. वर वाचवलेल्या मोरीची किंमत खाली महाडची बाजारपेठ मोजते.

दोन्ही पक्षांना उत्तर

शहरात बसून ‘डोंगरात रस्तेच नकोत’ असे म्हणणाऱ्या निसर्गप्रेमींशी आमचे जमणार नाही. स्वतः घाटातून मोटारीने जायचे, महाबळेश्वरची हवा खायची आणि वाडीतल्या आजाऱ्याने मात्र डोलीतच जावे असे म्हणायचे, हे निसर्गप्रेम नव्हे, वर्गीय अहंकार आहे. दुसऱ्या बाजूला, पाण्याचा प्रश्न काढणाऱ्याला ‘विकासविरोधी’ ठरवणारे पुढारी आहेत. त्यांना एवढेच विचारावे : तुमचे डांबर दर पावसाळ्यात का उखडते? रस्त्याचा पहिला शत्रू पाणी. भरावात मुरलेले पाणी खडीचा थर खिळखिळा करते आणि डांबर सोलून काढते. पाण्याला वाट देणारी मोरी विहीर वाचवते आणि तीच मोरी रस्ताही वाचवते. दगडी तळाचा झिरपता भराव खाचराची ओल राखतो आणि तोच रस्त्याला खचू देत नाही. वाडीचे हित आणि रस्त्याचे हित एकच आहे. वेगळे हित आहे ते दरवर्षी नव्या डागडुजीचे बिल काढणाऱ्याचे.

तेव्हा आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. आखणी नकाशावर न करता झरे, पाझर आणि पाणवठे दाखवणाऱ्या गावकऱ्यांसह, त्यातही पाणी भरणाऱ्या बायकांसह, शिवार फिरून करावी. पाणथळ तुकडा टाळता येत असेल तर वळसा घ्यावा. टळत नसेल तर भरावाच्या तळाशी मोठ्या दगडांचा थर घालावा आणि प्रत्येक ओहोळाला स्वतंत्र मोरी द्यावी. मातीकाम दिवाळीनंतर सुरू करून पावसाच्या पुरेसे आधी संपवावे आणि उघड्या उतारावर वाळा व बांबू लावावा. राडारोडा कोठे टाकणार, ती जागा कंत्राटातच लिहावी. काम सुरू होण्यापूर्वी आणि पहिल्या पावसानंतर विहिरी-डवऱ्यांच्या पाण्याची तपासणी व्हावी आणि तिचा निकाल ग्रामसभेपुढे आल्याशिवाय कंत्राटदाराचे अखेरचे बिल निघू नये. एकेकाळी रस्त्यावर मैलकुली असे. तो गटार उपसायचा, मोरी मोकळी ठेवायचा. हे काम यंत्राला जमत नाही. ते वाडीतल्याच स्त्री-पुरुषांना बारमाही मजुरीवर द्यावे.

यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका माहितीच्या अधिकारात मागता येतात. १ मेच्या ग्रामसभेत मोऱ्यांची संख्या वाचून दाखवा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत भर पावसात गावकऱ्यांसह जाऊन त्या मोजा आणि विहिरीतील पाण्याची बाटली टेबलावर ठेवा. अधिकाऱ्याने त्यातील एक पेला पिऊन दाखवावा एवढीच नम्र विनंती करा. जो रस्ता या परीक्षेस उतरेल त्याचे स्वागत करायला आपण सर्वांत पुढे असू. जो उतरणार नाही, त्याचे बिल रोखण्यासाठी धरणे धरावे लागले तर तेही आपलेच काम आहे.