तलाव माजी होत नाही

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, शेतातल्या लहान साठ्याला बोडी म्हणतात, गावाच्या मोठ्या पाण्याला तलाव. सरकारी कागदावर मात्र तो 'मामा तलाव' होतो. नवख्या माणसाला यात मामाचं नातं दिसतं. पण हे 'माजी मालगुजारी'चं लघुरूप आहे.

तुलनेला एक इंग्रजी शब्द घ्या: तिथे सरोवराला पूर्वी 'मिअर' म्हणत. लॅटिन 'मारे' आणि जर्मन 'मेअर' त्याच कुळातले, दोन्हींचा अर्थ समुद्र. इंग्लंडात तो शब्द तळ्यांना चिकटला, पुढे रोजच्या बोलण्यातून गेला आणि विंडरमिअर, ग्रासमिअर अशा नावांत उरला. तरी त्या शब्दात पाणी आहे. 'मामा'त पाणी नाहीच; फक्त मालकी आहे, आणि तीही संपलेली.

गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे. उतार ओळखून पाळ घालण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदारांकडे, राहिले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि ते सरकारजमा झाले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात असे ६ हजारांहून अधिक तलाव आहेत.

धान निसवायच्या वेळी पाऊस दडी मारतो, तेव्हा हाच तलाव पीक तारतो. त्यासाठी दरवर्षी पाळीवर माती पडावी लागते, सांडवा मोकळा लागतो, गाळ काढून शेतात न्यावा लागतो. हे काम गाव करायचं. तलाव सरकारचा झाला आणि गावाचा हात त्यातून सुटत गेला. मग गाळ साचला, काठावर बेशरमची झुडपं माजली, पोटात अतिक्रमणं शिरली. पैशाची टंचाई खरीच, पण मला खरं दुखणं दिसतं ते हेच: तलावाला आपलं म्हणणारं कोणी उरलं नाही.

वाट मात्र आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतल्या मासळीवरचा सामूहिक हक्कही येतो. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि ग्रामसभा जंगल सांभाळू शकते हे दाखवून दिलं. जंगल सांभाळणारं गाव तलावही सांभाळेल. मासळी, गाळ आणि पाणीवाटप यांचा निर्णय ग्रामसभेकडे द्या, दुरुस्तीचा निधीही तिच्याच हाती द्या. आणि सरकारी नोंदीत गावकऱ्यांनी ठेवलेलं तलावाचं नाव लिहा. मालगुजार माजी झाले. तलाव आजही गावाला जेवू घालतो.