निर्णय ‘सामूहिक’, शिक्षा मात्र कामगारांना!

दिल्लीत आर. के. पुरमला लागून असलेल्या वसंत विहारात एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांची वसाहत होती. कंपनीची विक्री झाल्यावर सहा महिन्यांत घरे रिकामी करावी लागतील, असे तेथील कुटुंबांना 2021 मध्ये बजावण्यात आले. 27 जानेवारी 2022 रोजी कंपनी टाटांच्या हवाली झाली. 1953 साली राष्ट्रीयीकृत झालेली विमानसेवा पुन्हा मूळ मालकांच्या घरी गेली. ती चालविणाऱ्या श्रमिकांवर मात्र बिऱ्हाड हलविण्याची पाळी आली.

ही अवस्था कोणी आणली? हा प्रश्न विचारताच एक नाव पुढे येते: प्रफुल्ल पटेल. गोंदियाच्या ‘सीजे’ या विडी-तंबाखू उद्योगाचे हे वारस. तेंदूपत्ता वळणाऱ्या हजारो स्त्रियांच्या बोटांवर ज्या धंद्याची भरभराट झाली, त्या धंद्याच्या घराण्यातून ते लोकसभेत व राज्यसभेत पोहोचले. मे 2004 ते जानेवारी 2011 या काळात नागरी विमान वाहतूक खाते त्यांच्याकडे होते.

याच काळात एअर इंडियाचा 28 विमानांचा मूळ प्रस्ताव 68 वर गेला. इंडियन एअरलाइन्सची 43 धरून एकूण खरेदी 111 विमानांची झाली, तीही जवळजवळ सर्वस्वी कर्ज काढून! 2007 साली दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण लादण्यात आले. महालेखापरीक्षकांनी 2011 च्या अहवालात या खरेदीवर व विलीनीकरणाच्या वेळेवर कठोर ताशेरे ओढले. खरेदी, भाड्याची विमाने व खासगी कंपन्यांसाठी सोडलेले किफायतशीर मार्ग यांबाबत सीबीआयने 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गुन्हे नोंदविले.

पुढे काय झाले? 27 जून 2023 रोजी भोपाळमध्ये पंतप्रधान मोदींनी राष्ट्रवादी काँग्रेसवर सुमारे 70 हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला. पाचच दिवसांत, 2 जुलै रोजी, अजित पवारांसमवेत पटेल सत्ताधारी गोटात दाखल झाले. मार्च 2024 मध्ये भाड्याच्या विमानांच्या प्रकरणी सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. ईडीने जप्त केलेल्या, वरळीच्या सीजे हाउसमधील पटेल कुटुंबाच्या मालमत्तेवरील जप्तीही जून 2024 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने उठविली. पटेलांना कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविलेले नाही, हे खरे. परंतु तपासयंत्रणांचे घड्याळ पक्षांतराच्या मुहूर्ताशी इतके जुळावे, हा निव्वळ योगायोग समजावयाचा काय?

सर्व निर्णय सरकारचे, सामूहिक होते, असा पटेलांचा बचाव आहे. हा बचाव मान्य केला, तर आरोप संपत नाही. तो संपूर्ण राज्यकर्त्या वर्गावर जातो. त्या सरकारला 2008 पर्यंत डाव्या पक्षांचा बाहेरून पाठिंबा होता, हेही लपविण्याचे कारण नाही. संसदेतील पाठिंब्याला कारखान्यातील व विमानतळावरील संघटित दबावाची जोड नसेल, तर सार्वजनिक क्षेत्राचे रक्षण होत नाही, हा त्यातील धडा होय.

हिशेब पाहा. ऑगस्ट 2021 अखेर एअर इंडियावरील कर्ज 61,562 कोटी रुपये होते. टाटांनी त्यापैकी 15,300 कोटींचा भार उचलला व 2,700 कोटी रोख दिले. उरलेले 46,262 कोटींचे कर्ज सरकारच्या, म्हणजे जनतेच्या, माथी आले. ज्यांनी कर्ज काढले ते संसदेत आहेत. ज्यांनी विमाने दुरुस्त केली, सामान वाहिले, त्यांना घर सोडण्याची नोटीस!

म्हणूनच लढा एका व्यक्तीविरुद्धचा नव्हे. सार्वजनिक मालमत्तेसंबंधी निर्णय घेणाऱ्या प्रत्येक मंत्र्याचे उत्तरदायित्व, मग तो कोणत्याही गोटात जावो, निश्चित झालेच पाहिजे. पक्ष बदलल्याने हिशेब चुकता होत नाही, हे श्रमिक जनतेने संघटित शक्तीच्या बळावर सत्ताधाऱ्यांना बजावले पाहिजे!