कुलूप खरे, दार खोटे

ऑनलाइन बँकिंगमधील फसवणुकीची चर्चा अखेर ग्राहकाच्या निष्काळजीपणावर येऊन थांबते. ‘ओटीपी दिलाच कशाला?’ असे विचारले की विषय संपतो. मला हा निवाडा अन्यायकारक वाटतो. बनावट संकेतस्थळाकडे वळवून केलेल्या फसवणुकीत ग्राहकाने ओटीपी कुणा परक्याला सांगितलेला नसतो. आपल्याच बँकेच्या पानावर तो भरत असल्याची त्याची प्रामाणिक समजूत असते.

‘केवायसी अद्ययावत न केल्यास खाते गोठवले जाईल’ असा संदेश येतो, किंवा गुगलवर बँकेचे नाव शोधताना सर्वांत वर एखादी जाहिरात दिसते. त्यातील लिंक ग्राहकाला एक-दोन मधल्या पानांवरून हुबेहूब बँकेसारख्या पानावर नेते. तेथे भरलेला पासवर्ड भामटे त्याच क्षणी खऱ्या बँकेत वापरतात. म्हणूनच ओटीपी येतो तो खऱ्या बँकेकडून. तो भरला की ग्राहकाला कित्येकदा खऱ्या संकेतस्थळावर आणून सोडले जाते आणि संशयालाही जागा उरत नाही.

पत्त्याशेजारचे कुलूप हा खरेपणाचा पुरावा नव्हे. देवाणघेवाण वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे कोण बसले आहे, हे सांगत नाही. बनावट संकेतस्थळालाही ते सहज मिळते. पत्त्यात कुठेतरी बँकेचे नाव असणेही पुरेसे नाही. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपूर्वी पत्ता कशाने संपतो, ते पाहायचे.

हे वाचन सोपे करणारे पाऊल रिझर्व्ह बँकेने उचलले आहे. ‘डॉट बँक डॉट इन’ हे केवळ बँकांसाठी राखीव डोमेन तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत स्थलांतराची मुदत दिली. नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फत होते. त्यामुळे खरेपणाची पारख काही अंशी ग्राहकाकडून संस्थेकडे गेली.

उत्तरदायित्वाचे काय? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. मात्र ग्राहकाने गोपनीय तपशील दिल्यामुळे नुकसान झाले, तर तक्रार नोंदवेपर्यंतचा सारा तोटा त्याचाच. हुबेहूब नकलेला फसणे आणि बेफिकिरीने ओटीपी सांगणे या दोहोंना एकाच मापाने मोजल्यास निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाची आयुष्यभराची पुंजी जाते आणि दोषही त्याच्याच माथी येतो.

माझ्या मते दोन गोष्टी आवश्यक आहेत. बँकांनी संदेशांतून लॉगिनच्या लिंक पाठवणे पूर्णतः थांबवावे. एकीकडे ‘लिंक उघडू नका’ म्हणायचे आणि दुसरीकडे स्वतःच ती धाडायची, हा विरोधाभास भामट्यांच्याच पथ्यावर पडतो. दुसरे म्हणजे, नव्या उपकरणावरून लॉगिन होऊन लगेच मोठी रक्कम नव्या खात्याकडे निघाली, तर व्यवहार काही काळ रोखून धरण्याची जबाबदारी बँकेची असावी.

तोवर नागरिकाने पत्ता स्वतः टाइप करावा अथवा बँकेचे अधिकृत अ‍ॅप वापरावे. फसगत ध्यानात येताच बँकेला कळवून १९३० वर तक्रार नोंदवावी. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. सावधगिरी हे नागरिकाचे कर्तव्य आहेच. परंतु ती सुरक्षित व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही.