स्वावलंबनाची शाबासकी कोणाच्या सोयीची?

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम येथे पालैवननाथर मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातील विटांचे एक प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पिकलेले भात तेथे साठविले जाई. ते पिकविणाऱ्यांच्या वाट्याला काय येई, हे सांगणारी वास्तू मात्र कोणत्याही राजाने बांधली नाही.

याच पापनाशमवरून जाणाऱ्या लोहमार्गाने तंजावरहून चेन्नईला रात्रीची एक गाडी जाते. तिचे नाव 'उळवन', म्हणजे शेतकरी. शेतीवर पोट भरत नाही म्हणून शहराची वाट धरणाऱ्यांना नेणाऱ्या गाडीला याहून बोचरे नाव शोधूनही सापडले नसते. पाणीही त्याच दिशेने जाते. कोळ्ळिडमवरील खालच्या बंधाऱ्यातून कावेरीचे पाणी वीराणम तलावात येते आणि तेथून २००४ सालापासून सुमारे २३५ किलोमीटर लांबीच्या नळयोजनेने चेन्नईला पोहोचते. खोऱ्यातून माणूस गेला, पाणीही गेले. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे मुख्य जलाशय आटले, तेव्हा वस्त्यांतील कष्टकरी स्त्रिया टँकरच्या वाटेकडे डोळे लावून प्लॅस्टिकच्या घागरींच्या रांगेत उभ्या राहिल्या.

या रांगेकडे पाहून अलीकडे एक नवीच विद्वत्ता पाझरू लागली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालानुसार जकार्ता हे जगातील सर्वांत मोठे शहर ठरले असून ढाका दुसऱ्या क्रमांकावर आहे. आशियातील ही महानगरे चालतात कशी, या प्रश्नाला विद्वानांचे उत्तर तयार असते: गरीब माणसे विलक्षण कल्पक असतात, ती आपली व्यवस्था आपणच लावतात, सरकारने केवळ आड येऊ नये! घागरींचा क्रम कोणी लावायचा, आजाऱ्याच्या घरची घागर पुढे कशी घ्यायची, भिशीचा पैसा या महिन्यात कोणाच्या लेकीच्या लग्नाला द्यायचा, हे सारे वस्ती स्वतःच ठरविते, यात शंका नाही. तिच्या शहाणपणाविषयी वादच नाही. वाद आहे तो त्या शहाणपणाचे बिल कोणाच्या नावावर फाडले जाते याविषयी. उंच इमारतीतील रहिवाशाला पाण्यासाठी असे 'स्वयंसंघटन' करावे लागत नाही. मग जी गोष्ट एकाला हक्क म्हणून मिळते, ती दुसऱ्याने रात्र जागून मिळविली की तिला सद्गुण का म्हणावयाचे?

या मताचे पुरस्कर्ते कराचीच्या ओरंगी वस्तीचा दाखला देतात. दाखला चांगला आहे. परंतु तो पुरता वाचला पाहिजे. १९८० साली अख्तर हमीद खान यांनी तेथे काम सुरू केले. गल्लीगल्लीतील कुटुंबे एकत्र आली, त्यांनी आपल्याच पैशाने घरातील शौचकूप बांधले, गल्लीतील भूमिगत गटार घातले. पण याच प्रयोगाचे दुसरे सूत्र असे होते की मुख्य गटार आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया ही शासनाचीच जबाबदारी आहे. गल्लीचे गटार कितीही चोख असले तरी पुढे मोठे गटार नसेल, तर घाण शेजारच्या गल्लीत साचते. स्वावलंबनाचे गोडवे गाणारे नेमके या वळणावर मौन पाळतात. या कामाची धुरा वाहणाऱ्या वास्तुविशारद परवीन रहमान यांनी शहरातील जमिनी कोण बळकावतो, पाणी कोण चोरतो आणि तेच टँकरने कोण विकतो, याची नोंद केली. १३ मार्च २०१३ रोजी त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. गल्लीत नळ घातले, तोवर कौतुक. जमिनीचा आणि पाण्याचा हिशेब मागितला, तेव्हा गोळी!

चेन्नईत तरी निराळे काय घडले? १९७० साली तेथे झोपडपट्टी निर्मूलन मंडळ स्थापन झाले. १९७१ चा कायदा वस्त्यांच्या सुधारणेचे वचन देत होता. डिसेंबर २०१५ च्या पुरानंतर अड्यार आणि कूवम नद्यांच्या काठची कुटुंबे उचलून शहराच्या दक्षिण टोकाला पेरुम्बाक्कमच्या बहुमजली इमारतींत नेण्यात आली. घर मिळाले, पण काम दूर राहिले. मुलांची शाळा, उधार देणारा दुकानदार, मूल सांभाळणारी शेजारीण, सारे मागे राहिले. ज्या शेजारधर्माचे परिसंवादांत गुणगान होते, तोच एका ट्रकफेरीत मोडून टाकण्यात आला. पुढे २०२१ साली मंडळाचे नाव मात्र बदलून 'नागरी अधिवास विकास' असे भारदस्त करण्यात आले. मुंबईच्या वाचकाला हे नवे नाही. १९८५ च्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला आणि त्याच निकालात, रीतसर सूचना देऊन झोपड्या हटविण्यासही मुभा दिली.

तेव्हा कसोटी सरळ आहे. गरिबांनी संघटित होऊन शासनाचा खर्च वाचविला तर टाळ्या. तेच संघटित होऊन वाटा मागू लागले की लाठ्या. चेन्नईजवळील सॅमसंगच्या कारखान्यातील कामगारांनी सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये ३७ दिवस संप केला. मागण्यांत अग्रभागी होती आपल्या युनियनची मान्यता. हेही स्वयंसंघटनच होते! पण त्यांचा मंडप पोलिसांनी पाडला, कामगारांना अटका झाल्या, आणि युनियनची नोंदणी जानेवारी २०२५ पर्यंत रखडली. या स्वयंसंघटनाच्या कौतुकासाठी परिसंवाद भरविण्याचे कोणाला सुचले नाही.

तंजावरच्या शेतमजुराला हा धडा शहरात जाऊन शिकावा लागत नाही. चाबकाचे फटके आणि शेण कालवलेले पाणी पाजण्याची शिक्षा बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखालील संघर्षाने बंद पाडली. १९५२ साली पण्णैयाळांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तोही त्याच रेट्यामुळे. २५ डिसेंबर १९६८ रोजी त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे, वाढीव मजुरी मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, एका झोपडीत जाळून मारली गेली. हे मजूर एकमेकांना उसने धान्य देत राहिले असते, तर जमीनदारांनी त्यांच्या एकोप्याची वाखाणणीच केली असती. त्यांनी मापाने भात वाढवून मागितले, हा त्यांचा गुन्हा.

एक दोष मात्र चळवळीनेही पदरात घेतला पाहिजे. कामगार कारखान्याच्या फाटकाच्या आतच कामगार असतो, असे समजून वस्तीतील नळ, रेशनकार्ड आणि भाडे हे प्रश्न दीर्घकाळ दुय्यम मानले गेले. ती जागा मोकळी राहिली, म्हणूनच तेथे शाबासकी वाटणारे आणि पाणी विकणारे दोघेही शिरले. १९८२ च्या गिरणी संपातील मुंबईचा कामगार गावाकडच्या भाकरीवर आणि चाळीतील उसनवारीवर तगला होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

म्हणून घागरींच्या रांगेतील शिस्तीला कमी लेखू नये. ती उद्याच्या मोर्चाची शिस्त आहे. आज ती रांग विचारते, टँकर कधी येणार? उद्या तिने विचारले पाहिजे, नळ का नाही? कोठार भरणाऱ्यांनी कोठाराचा हिशेब मागणे, हेच खरे स्वयंसंघटन होय.