रोजकीर्द जपून ठेवा!

मित्रांनो, जुन्या पद्धतीच्या दुकानात दोन वह्या असतात. रोजकीर्दीत व्यवहार घडतील तसे लिहायचे आणि मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचे. समजा, खतावणी पावसात भिजली, तर? घाबरायचं नाही! तिची जुनी प्रत आणि त्यानंतरची रोजकीर्द असली, की सगळा हिशेब पुन्हा मांडता येतो. मधलं एक पान हरवलं, तर मात्र गाडी तिथंच अडते.

संगणकातला डेटाबेसही असंच करतो, बरं का! प्रत्येक बदल तो आधी ‘लॉग’मध्ये नोंदवतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये लॉगची एकेक फाईल सहसा १६ मेगाबाइटची असते. अशा फायलींचा ढीग साठला, की जागा पुरत नाही. मग त्या दाबून लहान करतात.

कशा? ‘पाऊस आला पाऊस आला पाऊस आला’ हे सगळं कशाला लिहायचं? एकदा लिहा आणि पुढे सांगा, ‘हीच पाच अक्षरं आणखी दोनदा.’ लेम्पेल आणि झिव या दोघांनी १९७७ साली मांडलेली ही युक्ती १९९२ साली आलेला जीझिप प्रोग्रॅम वापरतो. फाईल उलगडली, की अक्षर न् अक्षर परत मिळतं. हिशेबात ‘साधारण शंभर रुपये’ चालत नाहीत ना! म्हणून जीझिप फाईलच्या शेवटी पडताळणीचा आकडाही लिहून ठेवतो. उलगडताना तो जुळला नाही, तर समजावं, फाईल बिघडली.

पण नुसतं साठवून भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. रोजच्या प्रतींची जागा उघडली, तर ती रिकामी! प्रती बनतच नव्हत्या आणि कुणाला पत्ता नव्हता. एकानं सुमारे सहा तास आधी काढलेली प्रत नशिबानं सापडली. जुने लॉग मात्र साठवलेले नव्हते. त्यामुळे मधल्या सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या.

आता तुम्ही एक करा. संगणकावर एक लिखाणाची फाईल आणि एक फोटो झिप करून पाहा. फोटो फारसा लहान होणार नाही, कारण तो आधीच दाबलेला असतो. मग दोन्ही दुसऱ्या फोल्डरमध्ये उलगडा आणि उघडून बघा. नीट उघडल्या? तरच म्हणा, ‘माझ्याकडे प्रत आहे!’